उणे बाकी

महावितरणच्या बिलावर तीन रकमा छापलेल्या असतात. अमुक तारखेच्या आत भरलं तर इतके, देय तारखेच्या आत भरलं तर जरा जास्त, आणि तीही तारीख उलटली तर आणखी जरा जास्त. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली, पढतमूर्खांचीही सांगितली. पण माणूस ओळखायची इतकी सोपी युक्ती त्यांच्या हाताशी नव्हती. पहिल्या रकमेची माणसं पहाटे फिरायला जातात आणि डब्यांना ज्याची त्याची झाकणं लावतात. दुसऱ्या रकमेची माणसं बहुसंख्य. शेवटच्या तारखेला रात्री साडेअकराला ॲप अडकतं ते यांच्यामुळे. तिसऱ्या रकमेच्या घरी अजून बिल शोधणं चालू असतं.

मी चौथा. बिल निघायच्या आधीच पैसे भरून मोकळा होणारा. माझ्यासाठी बिलावर वेगळा रकाना नाही. छापायची वेळ आलीच तर रकमेच्या अलीकडे एक आडवी रेघ मारतात. उणे दोन हजार तीनशे चाळीस.

ही रेघ आमच्याकडे वडिलोपार्जित आहे. वडील पाटबंधारे खात्यात होते, त्यामुळे दर तीन वर्षांनी बदली. नव्या गावात ट्रकमधून सामान उतरत असतानाच ते पाकीट घेऊन बाहेर पडत. वाण्याकडे महिन्याचे पैसे, दूधवाल्याकडे महिन्याचे, पेपरवाल्याकडे महिन्याचे, घरमालकाच्या हातावर तर दोन महिन्यांचं भाडं. सगळ्या गावाचं देणं फेडल्याच्या समाधानात घरी यायचे, तेव्हा आई रिकाम्या स्वयंपाकघरात स्टोसमोर बसलेली असे. "सगळ्यांना देऊन आलात ना? मग काड्यापेटी आणली असेलच." ती आणलेली नसे.

त्यांची एक तार होती. खाली लाकडी चकती, वर आकडा, मध्ये टोचलेल्या पावत्या. बदली झाली की भांडी ट्रकमध्ये जायची, तार वडिलांच्या मांडीवर. आमच्या लहानपणी कुठल्याही शहाण्या घरात अशी तार असायचीच, पण इतरांच्या तारेवर बिलं असत आणि त्यांतली काही न भरलेलीही असत. आमच्या तारेवर फक्त पावत्या. काही पावत्यांवर तर अजून उजाडायच्या महिन्याचं नाव.

याचं कारण त्यांनी कधी सांगितलं नाही, पण ते उघड होतं. परक्या गावात उधारी मागायला ओळख लागते. वाणी खात्याची वही देतो ती चौकशी करून: कुठल्या ऑफिसात, कुणाच्या वाड्यात, आधी कुठे होता. ज्याला कुणी ओळखत नाही त्यानं आपली ओळख रोख पैशानं करून द्यायची. मग वर्ष-दीड वर्षात वाणी आपण होऊन म्हणे, "राहू द्या हो साहेब, लिहून ठेवतो." या वाक्याला वडील मनातून फार सुखावत. आणि ते लिहून ठेवणं सुरू होऊन थोडे दिवस झाले की बदलीचा हुकूम यायचा. त्यामुळे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात आमची बाकी नाही. याचा मला पुष्कळ वर्षं अभिमान वाटत असे. आता विचार करतो तेव्हा वाटतं, कुठल्याच गावाला आमची आठवण काढायचं कारणही नाही.

सदाशिव पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही वारज्याला स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा ही विद्या मला पणाला लावता आली. घर हिच्या नावावर घेतलं. त्यामागे पत्नीप्रेम आहेच, शिवाय नुसतं बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. २०२१ सालापासून तसा नियम आहे. सुरुवातीला या सवलतीला अशी अट होती की ते घर पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. पुढे २०२३ मध्ये ती अट निघाली. हिला ती निघाल्याचं जरा वाईट वाटलेलं दिसलं.

एक टक्का वाचला आणि मी हिशेबातून गेलो. घर हिचं, सोसायटीची सभासद ही, पाइप गॅस हिच्या नावावर, इंटरनेट हिच्या नावावर. पैसे भरायचे मी. आधी भरायचे तेही मीच. इंटरनेटवाल्यांनी वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फुकट दिले, ते मी आनंदाने घेतले. नंतर लाइन गेली तेव्हा फोन केला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, मॅडमशी बोलता येईल का? अकाउंट त्यांचं आहे." शेजारचा मुलगा महिन्याच्या महिन्याला भरतो. त्याची लाइन गेली की माणूस संध्याकाळपर्यंत शिडी घेऊन हजर, कारण पाच तारखेला त्याच्याकडून पैसे यायचे असतात. माझ्याकडून त्यांना वर्षभर काहीच यायचं नव्हतं.

सुताराला आगाऊ पैसे देऊ नयेत हे तर आपल्याकडे बाळकडूतच पाजतात. त्याविषयी बोलत नाही. आमच्या शू-रॅकला अजून दारं नाहीत एवढंच.

विजेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. फ्लॅट रीसेलचा, त्यामुळे मीटर आधीच्या मालकांच्या नावावर होतं. ते काका-काकू घर विकून सांगलीला मुलीजवळ राहायला गेले होते. नावबदलाचा अर्ज वगैरे यथावकाश होणार होता. पण तोवर थांबणं रक्तात नाही. सामान यायच्या आदल्या रात्री मी तो बारा आकडी ग्राहक क्रमांक टाकला आणि सहा हजार रुपये भरून शांत झोपलो. पैसे मिळाल्याचा मेसेज रीतसर नोंदणीकृत मोबाइलवर गेला. म्हणजे सांगलीला.

सकाळी फोन आला. "नमस्कार. सांगलीहून बोलतोय. माझ्या लाइटबिलात कुणीतरी सहा हजार भरलेत हो."

"काका, मीच भरले."

"पण शेवटचं बिल मी चुकतं करून आलोय. पावती दाखवली होती तुम्हाला."

"हो हो, दाखवली होती. हे पुढचे आहेत."

"पुढचे म्हणजे?"

"म्हणजे जी बिलं यायचीत त्यांचे."

पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग काकांनी फोनवर हात ठेवून, पण मला स्वच्छ ऐकू येईल अशा बेतानं काकूंना सांगितलं, "अगं, आपण किंमत कमीच सांगितली."

नावबदल होईपर्यंत आमच्या घराचा सगळा वीजव्यवहार सांगलीतून चालत होता. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीचा वार. त्या दिवशी कुठे वीज नसते, कुठे पाणी नसतं, नशीब जोरावर असेल तर दोन्ही नसतं. बुधवारी संध्याकाळी काकांचा फोन ठरलेला: "उद्या दहा ते पाच लाइट नाही तुमच्याकडे. मिक्सरचं काही असेल तर आज उरकून घ्या म्हणावं सूनबाईंना." खाली वॉचमनला ठाऊक नसे, समितीला ठाऊक नसे, आम्हाला मात्र सांगलीहून आदल्या दिवशी कळत असे. मे महिन्यात त्यांनी जरा काळजीच्या सुरात विचारलं, "युनिट फार पडलेत. एसी बसवलात का?" बसवला होता. "बसवा, बसवा. आमच्या वेळी गच्चीवर झोपायचो." ही म्हणाली, या माणसानं घर विकलंय की भाड्यानं दिलंय?

पुढे मीटर हिच्या नावावर झालं आणि एक नवीनच अडचण आली. वीजबिल हा आपल्याकडे रहिवासाचा पुरावा. माझा पत्ता बदलायला बँकेत गेलो आणि खिडकीतल्या मुलासमोर बिल ठेवलं. त्यानं आधी नाव पाहिलं. "हे तर बाईंचं आहे. तुम्ही कोण?" मी म्हटलं, "भरणारा." मग त्यानं रक्कम पाहिली, बिल उजेडाकडे धरलं, शेजारच्या खिडकीतल्या वरिष्ठ बाईंना दाखवलं. दोघांनी ती आडवी रेघ नखानं खरवडूनही पाहिली. बाई म्हणाल्या, "साहेब, दुसरं एखादं नेहमीसारखं बिल नाही का?" मी त्यांना समजावलं की मी वीज कंपनीचं काही लागत नाही, कंपनी माझं लागते. हे बोलणं ऐकून रांगेतला एक मनुष्य दुसऱ्या रांगेत गेला.

आपण ज्या घरात राहतो त्याच घरात राहतो, हे पटवून देणं पुण्यात तर पैशाचंही काम आहे. घरमालक स्वतः त्या घरात राहत असेल तर मिळकतकराच्या आकारणीत ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी बंद पडली होती, २०२३ मध्ये परत आली. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून जोडीला पुरावे द्यावे लागतात. अर्धं पुणे त्या वर्षी आपण आपल्याच घरी राहत असल्याचे कागद गोळा करत हिंडत होतं. थकलेलं बिल, त्यावरची नोटीस, त्या नोटिशीला दिलेलं उत्तर असा भरगच्च पुरावा ज्यांच्याकडे होता, त्यांचा हेवा वाटला. आमची फाइल अगदी अंगचोर.

बरं, इतके पैसे आधी भरलेल्या माणसावर कंपनीचा विश्वास असावा की नाही? नियमानं वीजग्राहकाकडून सुरक्षा ठेव घेतात, साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी. बिल वाढलं की ठेवही वाढते, आणि वाढीव ठेवीचं वेगळं बिल येतं. ठेवीवर व्याजही देतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ठेव कशासाठी? तर उद्या ग्राहकानं पैसे बुडवले तर असावी म्हणून. एकाच आठवड्यात माझ्या हातात दोन कागद आले. एकात लिहिलं होतं की तुमचे आमच्याकडे इतके पैसे आहेत. दुसऱ्यात लिहिलं होतं की तुम्ही आमचे बुडवाल अशी भीती वाटते, तरी आणखी इतके भरावेत. मी दोन्ही भरले. पहिल्यात भरण्यासारखं काही नव्हतं, पण हात शिवशिवत होता.

या भीतीवर कायद्यात उपाय आहे. २००३ च्या वीज कायद्यानुसार प्रीपेड मीटर असेल तर सुरक्षा ठेव मागता येत नाही. आधी रिचार्ज, मग वीज. घरोघरी असे मीटर बसवायची योजना निघाली तेव्हा मला वाटलं, सरकारनं अखेर माझं ऐकलं. पण राज्यभर विरोध झाला आणि जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना असे मीटर बसवणार नाही, असं सरकारनं जाहीर केलं. विरोध का झाला तेही मला समजतं. रात्री दोनला रिचार्ज संपून पंखा थांबला तर घरातली माणसं कुणाकडे पाहतील, हे सांगायला नको. शिवाय आपल्या लोकांची आगाऊ पैसे द्यायला ना नसते. मोबाइलला देतात, केबलला देतात, लग्नाच्या हॉलला वर्षभर आधी देतात. 'आधी द्याच' म्हटलं की मात्र बोटं खिशातच अडकतात. तरीही त्या मीटरच्या बाजूनं मोर्चा निघाला असता तर त्यात मी असतो. एकटाच असतो, पण असतो.

आता सोसायटीकडे येतो, कारण खरा प्रकाश तिथे पडला.

आमच्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचा मेंटेनन्स एकरकमी भरला तर पाच टक्के सूट आहे. मी मार्चमध्ये भरत असे. ऑगस्टमध्ये वार्षिक अहवाल आला, तो मी पहिल्यांदा नीट वाचला. सहकारी संस्थेच्या ताळेबंदाला दोन बाजू असतात. डावीकडे भांडवल व देणी, उजवीकडे मालमत्ता व येणी. उजव्या बाजूला बँकेतल्या ठेवी, पाण्याचे पंप, लिफ्ट, आणि त्यांच्या पंगतीला 'सभासदांकडून येणे'. म्हणजे आमचे थकबाकीदार. डाव्या बाजूला वीजबिलाचं देणं, सफाई ठेकेदाराचं देणं, आणि त्याखाली 'सभासदांकडून आगाऊ जमा'. म्हणजे मी. ज्यानं चार वर्षं पै भरली नाही तो सोसायटीची मालमत्ता, आणि ज्यानं वर्षाचे आधीच भरले तो सोसायटीच्या डोक्यावरचा बोजा. आमचे हिशेबनीस भला माणूस. ते म्हणाले, "काका, तुम्ही चांगलेच आहात हो. पण तुमच्यामुळे देणी फुगतात. शक्य झालं तर यंदा जरा उशिरा भरा."

मग मला सगळीकडे तेच दिसू लागलं. ए विंगमध्ये तळमजल्यावर एक गृहस्थ आहेत, सोसायटीची वीट रचली तेव्हापासूनचे. थकबाकी सर्वांत मोठी त्यांचीच. सेक्रेटरी महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जातात, चहा होतो, तब्येतीची चौकशी होते, मुलीच्या स्थळांवर चर्चा होते, "बघा जमलं तर" असं म्हणून उठतात. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावता येतं, पण ते दर सभेत माफ होतं. थकबाकीदाराला समितीवर निवडून येता येत नाही हे खरं. पण समिती आपण होऊन घरी येत असताना समितीवर जायचं कशाला? या माणसाला कुठल्याच बँकेत पुरावा द्यावा लागणार नाही. ते इथलेच आहेत हे त्यांच्या बाकीवरून कुणीही सांगेल. वाणी वही देतो त्याच्या पुढची ही पायरी. इथे वही सभेपुढे वाचून दाखवतात.

सरकारही याच मताचं आहे. मुद्रांक शुल्क बुडवलेल्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये अभय योजना आली. बिल न भरल्यामुळे ज्यांची वीज कायमची तोडली होती त्यांच्यासाठी २०२४ मध्ये महावितरणची अभय योजना आली. मूळ रक्कम भरा, व्याज आणि विलंब आकार माफ. आमच्यासारख्यांना अभय द्यायला आम्ही कुणाला भीतच नाही. नाही म्हणायला पुणे महापालिकेनं २०२३ मध्ये मुदतीत मिळकतकर भरणाऱ्यांची लॉटरी काढली होती. मोटारी, ई-बाइक, लॅपटॉप, मोबाइल अशी बक्षिसं होती. आम्हाला काही लागलं नाही. बिल हिच्या नावावर असल्यामुळे नशीबही तिचंच धरायला हवं, पण हे मी घरात बोललो नाही.

यंदा मार्च उजाडला तशी ही म्हणाली, "मेंटेनन्सचं मी बघते. सभासद मी आहे." मी पैसे हिच्या खात्यात टाकले आणि निर्धास्त झालो. एप्रिल गेला, मे गेला. जूनच्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सेक्रेटरी आणि खजिनदार. या घरात आल्यापासून समितीचं पाऊल आमच्या उंबऱ्याला पहिल्यांदाच लागत होतं. ही जणू वाटच पाहत होती. पोहे फोडणीला पडलेलेच होते.

आमच्या न्हाणीघराच्या छताला वरच्या मजल्यावरून ओल येते. तक्रारवहीत ती मी वेळोवेळी सुवाच्य अक्षरात नोंदवलेली आहे. हात धुवायला म्हणून हिनं सेक्रेटरींना बरोबर तिथेच नेलं. त्यांच्या टकलावर एक थेंब पडला. वर पाहून ते म्हणाले, "अरेच्चा, हे कधीपासून?"

"वहीत लिहिलंय की," मी म्हटलं.

"वहीचं काय घेऊन बसलात? बघितल्याशिवाय कळतं का? वहिनी, उद्याच माणूस पाठवतो. आणि ते तेवढं मेंटेनन्सचं..."

"बघते की," ही म्हणाली. "जमेल तसं."

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याच आठवड्यात खजिनदारीणबाईंनी हिला भिशीत घेतलं. जुलैमध्ये सूचनाफलकावर थकबाकीदारांची यादी लागली, तेव्हा वॉचमन, जो आजवर मला कुरिअरवाला समजत असे, खुर्चीतून उठून म्हणाला, "साहेब, बोर्डावर नाव लागलंय तुमचं." नाव हिचं होतं, पण मी दुरुस्ती केली नाही.

पैसे हिच्या खात्यात सुरक्षित आहेत, व्याज मिळवतायत. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. विषयपत्रिका कालच आली. पाचवा विषय थकबाकीवरच्या व्याजाच्या माफीचा आहे आणि सूचक म्हणून हिचं नाव छापलंय.